मध्यमा प्रथम

ऐरोलीच्या यार्डात रात्री दोनला
ट्रान्सफॉर्मर घुमतो, तो पांढरी पाचमध्ये.
नीट ऐकलं तर श्रुतीभर वर.
एकवीस वर्षं मी त्याला नुसता आवाज म्हणत आलो,
आवाज बदलला की धावत गेलो.

आता लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितो:
नाद दोन प्रकारचे, आहत आणि अनाहत.
आघाताने होतो तो आहत.
आघाताविना...
इथे पेन अडतं.
खिडकीबाहेर तो एवढा लोखंडी देह
कुणी हात न लावता गातोय.

रविवारी नेरूळला वर्तकबाईंना विचारलं.
सिडकोचा तिसरा मजला,
बॅच म्हणजे पाच शाळकरी मुली आणि मी,
दाराशी चपलांच्या रांगेत माझे सेफ्टी शूज.
बाई हसल्या नाहीत.
जवारीचा दोरा सरकवत म्हणाल्या,
"मढवी, हे पेपरात लिहू नका. दोन गुण जातील."

वादी राजा, संवादी प्रधान,
अनुवादी सेवक, विवादी शत्रू.
पाठ झालं, पटलं नाही.
म्हणजे भूपात गंधार राजा
आणि सा सेवक?
ज्याच्यावर सगळं उभं आहे, तो?
"काका, वाद नको, घोका,"
अन्विता म्हणते. इयत्ता आठवी.
तिनेच मला तिलवाड्याची दुगुन शिकवली:
एका बोटावर चार, चार बोटांत आवर्तन,
नवव्या मात्रेला उचला, बरोबर समेवर याल.
माझ्या पेरांच्या रेघांत ग्रीस.
तिने ते पाहिलं, आणि मोजत राहिली.

घरी बरेच दिवस समज होता
की खात्याची परीक्षा आहे, पगार वाढेल.

एकच व्याख्या अशी, की घोकावी लागली नाही.
अल्पत्व: एक लंघन, स्वर ओलांडून जाणं.
दुसरं अनभ्यास,
स्पर्श करायचा, थांबायचं नाही.
नाइट शिफ्टच्या आठवड्यात
मी घरी असतो, तसं.

वाशीची शाळा. बाक दहा वर्षांच्या मुलांचे,
गुडघे फळीखाली अडकलेले.
प्रश्न तिसरा: नादाचे प्रकार सोदाहरण सांगा.
सोदाहरण.
पुस्तकातलं लिहायला घेतलं, वीणा, घंटा,
आणि लाइट गेले.

पंखे थांबायच्या आधी
कानातून कुणीतरी काहीतरी काढून घेतलं.
ट्यूबलाइटच्या चोकमधला तो सा,
आत्तापर्यंत होता हेच कळलं नव्हतं.
मुलींनी माना वर केल्या.
पर्यवेक्षक कोऱ्या पुरवणीने वारा घेऊ लागले.
पंख्याची पाती मध्य लयीतून विलंबितात,
मग एकेक मात्रा, मग काहीच नाही.

माझा फोन बाहेर पिशवीत, बंद.
फीडर ट्रिप झालाय, अकराच्या पुढे लोड चढतो,
कुणीतरी आत्ता पॅनेलकडे पळत असेल,
आणि तो मी नाही.
बसून राहिलो.
कान देऊन पाहिलं, आता तरी ऐकू येतो का
तो दुसरा, आघाताविनाचा.
कावळा. सिग्नलला थांबलेली बस.
मागच्या बाकावर कुणी नाक ओढलं.
मग मी घंटेचं वाक्य पूर्ण केलं.

फाटकाशी अन्विता डबा उघडून उभी.
"काका, तिसऱ्याच्या समासात काय लिहीत होतात?"
मला आठवेना. मग आठवलं.
११.४२ सप्लाय गेला.
११.५१ पूर्ववत.
"अहो, खोडलंत ना?"
लॉगमध्ये खोडाखोड चालत नाही, मी म्हटलं.
तिने एक घास पुढे केला,
आणि विचारलं, देशकारचा वादी धैवतच ना,
गंधार लिहून आले बहुतेक मी.