साडेचार सूत

वेंगुर्ल्यात, दाभोली नाक्यावर, नाबरांच्या दुकानात
एक पेटी कायम उघडी ठेवलेली असते.
एकशे आठ नग. प्रत्येक गोटी आपापल्या खळग्यात
शाळेतल्या ग्रुप फोटोसारखी ताठ.
दीड हजार. आत्ता घेतलीत तर चौदाशे,
वर एक बॅटरी फुकट.

मी पाकीट काढलं, तेवढ्यात पास्कू खोकला.

पास्कू लोबो. बंदराच्या वळणावर त्याचं गॅरेज,
म्हणजे चार पत्रे, एक बिटकीचा आंबा
आणि एक खड्डा, ज्यात आषाढात बेडूक नोकरीला असतात.
"पेटी काय बघतंस गो? गोटयेच्या पोटात बघ.
कोन मोज."

मोजले. बारा.

"बारा कोन नव्या गाडीक. तुझी जीप मीठ खावन बसली हा.
तिच्या नटांक कोपरे रवलेत खंय?
ह्या गोटयेन तू ते गोल करशीत, मगे माझ्याकडे येशीत.
सहा कोनांची घे. ती अंगाक धरता, कोपऱ्याक नाय."

जीप माझी म्हणजे मामाची.
वीस वर्षं तिनं बर्फ वाहिला, चौकटीतून पाणी गाळत,
रस्त्यावर एक ओली रेघ सोडत; लोक म्हणायचे, गेली वाटतं जीप.
जन्माला आली ती इंचांत.
मग इंजिन बसलं, तेव्हा कोल्हापूरहून दुसरं आलं, मिलिमीटरातलं.
गिअरबॉक्स कुणाचा, ते मामालाही सांगता आलं नाही.
आता पुढची चाकं सूत मागतात, पोट मिलिमीटर मागतं
आणि मागचा धुरा काही बोलतच नाही.

पास्कूनं नाबरांच्या पावतीमागे मांडलं:
सहा सूत म्हणजे एकोणीस, तिथे भांडण नाही.
चार सूत म्हणजे तेरा, जवळजवळ.
या जवळजवळनंच तालुक्यातले निम्मे नट मेले, म्हणे.
साडेचार सुताला चौदा चढत नाही,
पंधरा नुसती गरगरते.

मग रॅचेट. एकेक त्यानं कानाला लावून फिरवलं,
डोळे मिटून, नारळ निवडावा तसं.
एकाची टिकटिक विरळ. ठेवलं.
दुसऱ्याची दाट, बारीक.
"चेसिसच्या आत हात फिराक जागा किती? चार बोटां.
दात बारीक व्हये."

शेवटी वरच्या फळीवरून खाली आलं एक काळं, जड पुडकं:
चोवीस नग, अर्ध्या इंची दांडा, दहापासून चोवीसपर्यंत, सहा कोनी.
अठ्ठावीसशे. चकाकी नाही, बॅटरी नाही.
इंची गोट्या सुट्या घेतल्या, तीन, एकशेदहाला एक.
चौथी, साडेचार सूत, नव्हती.
"मागतंय कोण ती आता?" नाबर म्हणाले.
मी मागतेय, म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं
आणि वही मिटली.

रात्रभर डिझेल पाजलं नटांना.
सकाळी गोणपाट अंथरून खाली शिरले.
पाट्याचा पहिला नट सुटला, दुसरा कुरकुरत सुटला,
तिसरा साडेचार सूत.

पडून राहिले थोडा वेळ. वर गंज, खाली वाळू,
मध्ये मी आणि एक न मिळालेलं माप.
मग चौदा घेतली.
चढणार नव्हती, तरी तोंडाशी धरली आणि हातोडी मारली.
दुसऱ्यांदा मारली. डोळ्यात लाल भुगा.
तिसऱ्या घावाला ती आत गेली, घट्ट,
जणू इतकी वर्षं खारा वारा
त्या नटाला चौदाचा करण्यासाठीच खरवडत होता.
दांड्यावर पाय दिला.
कड्ड.

नट निघाला, पण गोटीतून निघेना.
तशीच जोडी घेऊन पास्कूकडे गेले.
त्यानं अंगठ्यानं गंज पुसला, उजेडात धरून
पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं.
"आता सांग," तो म्हणाला,
"ह्येका खंयच्या मापाचो म्हणशीत?"