उरलेल्याचं अर्धं

परकार सर पहिला अर्धा तास
कागदाला हातच लावू देत नाहीत.
"पेन्सिल खाली. आधी वजाबाकी."

दारूखान्यात लोखंडाच्या गोदामावर पोटमाळा,
तीन ड्रॉइंग बोर्ड, एक पंखा,
आणि खाली दिवसभर
कुठल्यातरी जहाजाच्या पाठीत घण.
घण पडला की टी-स्क्वेअर केसभर हलतो.
सर म्हणतात, दोन घणांच्या मधे रेघ ओढायची.

आयटीआयमध्ये मी मिलिमीटर शिकले.
इथे येणारी प्रत्येक झडप इंचात जन्मलेली.
कागद सतरा बाय अकरा,
चारी बाजूंनी अर्धा इंच समास,
म्हणजे हाती सोळा बाय दहा.
ब्रॅकेट समोरून पावणेपाच,
बाजूने सव्वादोन,
दोघांच्या मधे श्वासापुरते दीड.
"एकूण?"
साडेआठ.
"सोळातून गेले?"
साडेसात.
"अर्धे?"
इथे मी अडते.
कॅल्क्युलेटर सरांच्या खणात, कुलपात.

सरांना पावकी, निमकी, औटकीसुद्धा पाठ,
दापोलीकडच्या शाळेत हातावर वळ उठेस्तोवर घोकलेली.
"साताचे साडेतीन, अर्ध्याचा पाव.
पावणेचार. एवढं सोपं.
चित्राला कुणी विचारत नाही, पोरी,
उरतं किती ते विचार,
आणि त्याचं अर्धं कर."

उभ्यात दहातून सव्वातीन गेले,
उरले पावणेसात.
त्याचं अर्धं तोंडाने येईना.
आई आठवली.
ती ब्लाऊज बेतताना भागाकार करत नाही,
कापड दुमडते, घडीवर नख ओढते,
मध्य तिथेच असतो.
मी वहीचा कागद फाडला,
पावणेसातावर कापला, दुमडला,
नख फिरवलं, फूटपट्टीला लावला:
सव्वातीन, आणि वर एक सूत.
सूत!
मुंढा एक सूत सोड म्हणते आई, तेच हे.
सरांनी चष्मा कपाळावर घेतला.
बोलले काही नाहीत.
चहा मात्र त्या दिवशी कटिंग नाही,
भरलेला कप आला.

रात्री घोडपदेवच्या खोलीत
खडूने जमिनीवर तेच मांडलं.
भिंत ते भिंत दहा फूट.
खाट तीन, कपाट पावणेदोन,
आईचं मशीन साडेतीन.
उरले पावणेदोन फूट, एकवीस इंच.
साडेदहा इकडे, साडेदहा तिकडे,
मधे सगळं कसं देखणं बसेल!
धाकटा खडूकडे बघत म्हणाला,
"साडेदहा इंचात कोण झोपणार?
सगळं उरलेलं एका भिंतीला दे,
मी कुशीवर मावतो."
आईने दोरा दाताने तोडला
आणि मशीन होतं तिथेच राहू दिलं.

सकाळी सरांना हे सांगितलं नाही.
ब्रॅकेट पुरा झाला होता,
चारी बाजूंना त्याची हवा सारखी.
सर बराच वेळ बघत राहिले,
मग तळाच्या समासावर बोट ठेवलं.
"नाव कुठे लिहिणार?"

खालची दोन इंचांची पट्टी मी विसरलेच होते:
कामाचं नाव, मोजमाप, तारीख,
कुणी काढलं, कुणी तपासलं.
दहाचे आठ झाले.
आठातून सव्वातीन गेले, पावणेपाच.
यावेळी कागद दुमडला नाही.
सव्वादोन आणि एक सूत, मी म्हटलं,
सर खण उघडत होते तो तसाच लोटला.

रबराचे मळके तुकडे फुंकून
सगळं पुन्हा आखलं.
अख्खा ब्रॅकेट एक इंच वर सरकला,
नट-बोल्टांच्या भोकांसकट.

मग तळाच्या चौकोनात,
"रेखाटले" या शब्दापुढे,
घण पडून गेल्यावर
आणि पुढचा पडायच्या आत
लिहिलं: कुंदा पाष्टे.
ष्टे जरा तिरका आला.
सर म्हणाले, राहू दे.