पार्श्वभूमी

आमांदियू बशी रंगवून मागायला आला तेव्हा
त्याच्याजवळ मांजरीचा एकच फोटो होता.
त्यातही अर्धी मांजर पडद्याआड,
उरलेल्या अर्धीवर झुल्मिराचा अंगठा.

"मागं हा पडदा हवा," म्हणाला,
आणि खिशातून वीतभर कापड काढलं.
पिवळट पडलेल्या पांढऱ्यावर निळी फुलं, वेलीत वेल गुंतलेली.
कसली फुलं, त्याला ठाऊक नव्हतं.
चाळीस वर्षं तो कॉडच्या बोटींवर स्वैपाकी,
वर्षातले सहा महिने धुक्यात.
पडदे धुणारी इथे, इल्यावुत होती.

चिनीमातीवर चुकता येतं,
पण भट्टीचं दार लागेपर्यंतच.
म्हणून मी आधी सगळं विचारून घेते.
डोळे कुठल्या रंगाचे?

तो टोपी फिरवत राहिला.
"माझ्याकडं कधी बघायचीच नाही. झुल्मिराकडं बघायची."
मी दबक्या आवाजात विचारलं, मांजरही गेली का?
"छे! आहे की. फडताळावर असते.
मी झोपलो की उतरते जेवायला."

मग मी त्याला परत धाडला.
म्हटलं, बघून या.

मंगळवारी आला. "हिरवे."
माझ्याकडं हिरव्याच्या अकरा बाटल्या आहेत.
परत धाडला.
शुक्रवारी आला. "ऑलिव्ह बरणीच्या तळाशी राहून जातात,
कुणी खात नाही, तसे."
आता बोलला कामाचं.

पांढरा पंजा कुठला? कान फाटलाय तो डावा का?
"त्यासाठी जवळ जावं लागेल," म्हणाला,
जसं काही मी त्याला वादळात पाठवतेय.
पुढच्या खेपेला मनगटावर तीन ओरखडे.
"मागचा उजवा," म्हणाला. थोडा ऐटीतच.

तोवर मी पडदा घेतला होता रंगवायला.
निळी पूड, लवंगेचं तेल,
काचेवर सुरीनं घोटत बसायचं,
खरखर थांबेपर्यंत.
एका फुलाची पाकळी झुल्मिरानं रफू केलेली,
भलत्याच निळ्या दोऱ्यानं.
टाके मोठे, घाईतले, बहुधा भाजी चुलीवर असताना घातलेले.
तेही तसेच उतरवले. नक्षी बिघडली.
बिघडू दे.

काठाला सोनं लावलं. भाजण्याआधी सोनं शेणासारखं दिसतं,
हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही.
त्यालाही पटलं नाही.
"हे असंच राहणार?"
असं विचारत तो ओल्या बशीवर ओणवा झाला
आणि त्याच्या बाहीवरून एक केस गळला.

ती बाही! कोपरापर्यंत तपकिरी केसांनी माखलेली.
घासून काढावी असंही त्याला वाटलं नव्हतं.

केस नेमका गालाशी पडला,
गालावरून पडद्यावर, त्या रफूच्या अलीकडं.
आमच्या कामात केस म्हणजे वैरी.
माझी गुरू दोना एर्सिलिया डोक्याला फडकं बांधल्याशिवाय
ब्रशला हात लावू देत नसे.
चिमटा समोरच होता.
मिशा मी टोकदार काडीनं ओढते,
रंग लावून नाही, खरवडून.
खालचा पांढरा वर येतो, तीच मिशी.
सात ओढून झाल्या होत्या.

मी चिमटा उचलला नाही.

रात्रभर भट्टी. आठशे अंशांत केसाचं काय उरणार?
सकाळी दार उघडलं तर
तो पडला होता तिथं रंगच धरला नव्हता,
फक्त एक बारीक पांढरी रेघ.

आमांदियूनं बशी दोन्ही हातांनी खिडकीकडं धरली.
आधी पडदा पाहिला, बराच वेळ,
मासळी ताजी आहे का बघावी तसा.
रफूवर अंगठा ठेवला. काही बोलला नाही.
मग मांजरीकडं वळला, आणि कपाळाला आठी.

"ही आठवी मिशी वाकडी आहे."

तिची तशी नाही का?

त्यानं बशी कागदात गुंडाळली,
टोपी घातली.
"बघून सांगतो," म्हणाला.