दुसरी चावी

नवतपा लागला होता. रात्री तीनला लाईट गेली,
कूलर थांबला, आणि झोप जी उडाली
ती परत आलीच नाही.
म्हणून त्या दिवशी तांडापेठेतून साडेचारलाच निघालो,
कमरेला चावी, बत्तीस वर्षांची,
पितळेची, दात झिजलेले,
माझ्यासारखेच.

अभ्यासिका देवाजी नंदनवारनं आणि मी काढली
मागांचं जुनं शेड भाड्यानं घेऊन.
मागाचे खड्डे आम्हीच बुजवले. पहिल्या वर्षी
सात पोट्टे, दोन बाकं, शंभराचा एक बल्ब.
देवाजी गेला. अध्यक्ष मी उरलो.
दरवर्षी सभा भरते, कोणीतरी म्हणते,
"काकालेच राहू द्या", तर्री-पोहे येतात,
आणि मी राहतो.
मी कधी विचारलं नाही
हे 'राहू द्या' कुठून येते,
मायेतून की कंटाळ्यातून.

त्या पहाटे कोपऱ्यावरनं पाह्यलं
तर खिडकीत उजेड.
चोर म्हणावं, तर चोर कूलरमध्ये पाणी टाकते का?
बंद पानठेल्याच्या आडोशाला उभा राह्यलो.
आत पंधरा-सोळा मुंड्या खाली,
कोणीतरी कुजबुजत पाठ करून राह्यलं होतं,
रुचिता सोनकुसरे मग्ग्यानं ताट्या भिजवत होती.

पाच वाजून वीस मिनिटांनी ती उठली.
लाईट बंद. कूलर बंद.
सगळे चपला हातात घेऊन बाहेर.
ओढणीच्या गाठीतून चावी काढून
तिनं कुलूप लावलं, ओढून पाह्यलं,
मी पाहतो तसंच, दोनदा,
आणि मग सगळे पायरीवर बसले,
पुस्तकं मांडीवर,
माझी वाट पाहत.

मी गल्लीला एक फेरा मारला
आणि साडेपाचला, नेहमीच्या खोकल्यासकट,
हजर झालो.
"या काका."
कुलूप उघडलं. आत ताट्या ओल्या.
दोन उन्हाळे त्या ओल्याच असायच्या
आणि मी समजत होतो, रात्रीचा गारवा.
नवतपात. नागपुरात.

राग आला नाही असं म्हणणार नाही.
दोन दिवस जेवण गेलं नाही. बायको म्हणे, "काहून, काय झालं?"
काय सांगू बाप्पा, की पोट्ट्यांनी
माझ्या नावानं
रोजचे दहा मिनिट बाजूला काढून ठेवले आहेत?
मिल बंद होईपर्यंत मी टाइमकीपर होतो,
हिशेब केल्याशिवाय राहवत नाही.
सोळा पोट्टे, दहा मिनिट, दोन उन्हाळे.
बिलाच्या पाठीमागे गुणाकार मांडला,
आणि उत्तराच्या आधीच पेन ठेवला.

शनिवारी रुचिताला म्हटलं,
"सोमवारपासून तू उघडत जा."
तिनं हात पुढे केला, चावीसाठी,
चेहरा अगदी कोरा ठेवून.
मीही कोरा ठेवला.
तिनं चावी ओढणीत बांधली तेव्हा
धातूवर धातू वाजला, बारीक.
दोघांनीही ऐकलं.

रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली, सही केली.
हार नको म्हटलं, पोह्यांचे पैसे मात्र दिले.
सोमवारी साडेपाचला बायको विचारते,
"दाराशी काहून उभे?"
अंघोळ करून, चप्पल घालून, मी उभा होतो.

पोळा झाल्यावर गेलो, पेपर वाचायला म्हणून.
टेबलाशी नवा पोट्टा, मला न ओळखणारा.
"नाव लिहा काका. कशाची तयारी करून राह्यले?"
नाव लिहिलं. तयारीच्या रकान्यात
रेघ मारली.
डोक्यावर तिसरा पंखा कुरकुरत होता.
त्याला काय होते ते मला माहीत आहे,
वरचा नट, अर्धा फेरा, डावीकडे.
खुर्ची तर तिथंच होती.
जीभ दातांखाली धरली
आणि पेपर उघडला.