साडेसत्त्याण्णव

पुस्तकात पाणी शंभरला उकळतं.
आमच्या स्वयंपाकघरात, वाईत, बावधन नाक्याच्या मागे,
साडेसत्त्याण्णवला.
मी तीनदा पातेलं बदललं. आई म्हणाली,
पाणी पाण्यासारखंच उकळतंय, तुझं मशीन खुळं असेल.
मग आठवलं, आपण समुद्रापासून उंच राहतो,
इथे हवेचं ओझं कमी,
पाणी थोडं आधी सुटतं.
प्रोग्राममधले शंभर खोडले, खरा आकडा लिहिला,
पुढे शेरा: आमचं गाव.

थर्मिस्टर म्हणजे तिळाएवढा काळा मणी
दोन तारांच्या टोकाला.
ताप चढला की त्याचा विरोध उतरतो.
आमच्या घरी नेमकं उलटं.
हिंदुराव पिसाळांना, म्हणजे आबांना,
अडीचशे रुपयांची ती पाटी दाखवली तेव्हा म्हणाले,
इंजिनाला थर्मामीटर? उद्या त्याला पेज पाजशील.

गाडी चारशेसात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
पाचगणीच्या शाळांचे बटाटे
आठवड्यातून चारदा पसरणीचा घाट चढतात.
डॅशबोर्डवर काटा आहे, पण तो मी पाचवीत असताना
मध्येच थांबला, अजून तिथेच,
फोटोतल्या माणसासारखा ठाम.
आबांना काटा लागायचाच नाही.
वळणावर गाडी बाजूला, बॉनेटवर तळहात,
दोन श्वास, मग "दम खाऊ दे तिला"
नाहीतर नुसतं "चल".
इलाही क्लीनर म्हणायचा,
या हातावर आरटीओचा शिक्का पाहिजे.

मग साखर आली. डॉक्टर नसांबद्दल काहीतरी बोलले.
दिवाळीनंतर एका रात्री भाकरी वाढताना
आईला त्यांच्या बोटांवर फोड दिसले. तीन. पाणी भरलेले.
कुठे भाजलं?
आबांनी हात उलटा करून पाहिला,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.
रेडिएटरचं झाकण. दुपारचं.
कुणी काही बोललं नाही. पिठलं गार झालं.

मी सांगितलं, कोर्सचा प्रोजेक्ट आहे,
महिनाभर तुमची गाडी लागेल.
खोटं बोलणं सोपं होतं, सोल्डरिंग अवघड.
पितळी बोल्ट आतून कोरला, त्यात मणी, वर एपॉक्सी,
बोल्ट थर्मोस्टॅटच्या कव्हरवर.
पाटी निळ्या साबणदाणीत,
बझर मेलेल्या यूपीएसचा.
हॉर्न दाबला की आकडा उडी मारून तीनशेदहावर.
"हॉर्नला ताप आलाय," आबा.
दोन रविवार त्यातच गेले. शेवटी बारा रुपयांचा कपॅसिटर लावला
आणि आकडा शहाण्यासारखा बसला.

गुरुवारी मीही गेले. इलाही मागे, बटाट्यांवर.
बहात्तर. एक्क्याऐंशी.
खाली धोमचं पाणी दिसायला लागलं.
अठ्ठ्याऐंशी.
वर जाऊ तसं पाणी अजून लवकर उकळणार
आणि झाकणाचं रबर झिजलंय,
एवढंच डोक्यात फिरत होतं.
ब्याण्णवला बझर.
आबांनी गाडी बाजूला घेतली, उतरले,
आणि बॉनेटवर हात ठेवला.
दोन श्वास. तीन. चार.
मी शेजारी माझा ठेवला, चटकन ओढून घेतला.
त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.
मग स्वतःचा उचलला,
खिडकीतून आत वाकले, मोठ्याने वाचलं:
"ब्याण्णव. दम खाऊ दे तिला."

एक जादा मणी घरी होता, चाचणीचा,
जुन्या पाटीला जोडलेला.
रात्री पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात दिवा नाही, फक्त हिरवे आकडे.
आबा चिमटीत मणी धरून बसलेले.
सव्वीस. एकोणतीस. एकतीस.
बत्तीसला जरा रेंगाळला, मग तेहतीस.
सोडला. आकडा उतरत गेला.
परत धरला.
"तेहतीसच्या वर जात नाही गं,"
मागे न बघता म्हणाले. "मशीन खुळं आहे का?"
नाही आबा. बोटं तेवढीच गरम असतात. माझीपण.
"बरं," म्हणाले.
आणि परत धरला.