साडेनऊ

प्रिय ग्राहक,
आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणेत येईल.
खाली निळी ओळ. तिथे बोट ठेवा, म्हणे.

मी घणसोलीत वायरमनची बायको म्हणून एकतीस वर्षं काढली.
वीज कशी तोडतात, मला नका शिकवू.
हे शिडी खांद्यावर टाकून भर दुपारी जायचे,
दार वाजवायचे, आधी पाणी मागायचे,
मग विचारायचे, घरात कुणी दहावीला आहे का?
असलं की पकड पिशवीतच राहायची, सोमवारपर्यंत.
रात्री साडेनऊला हे जेवून, कुशीवर वळून, घोरत असायचे.

आणि ग्राहकाला ‘प्रिय’ कोण म्हणतं?
खात्याने तर यांनाही कधी म्हटलं नाही.

तरी बोट गेलंच होतं निळ्या ओळीपाशी.
खोटं कशाला बोलू.
खालच्या सुगंधा ठाकूरचं असंच गेलं,
भिशीचे अठरा हजार,
तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत.

नंबर ब्लॉक केला.
भरलेल्या बिलाची पावती शोधून फ्रीजवर लावली.
मेणबत्तीही काढून ठेवली, असावी म्हणून.

नऊ सत्तेचाळीसला गेली की हो!
पंखा मंदावत थांबला.
अंधारात फोन तेवढा उजळ,
आणि त्यात ती ओळ, निळी.
काळजात धस्स.

तशीच अनवाणी गॅलरीत आले, ओरडले,
“सुगंधा, तुमची पण गेली का गं?”
“आमची पण!”
समोरच्या चाळीतून, “आमची पण!”
पार तळ्याच्या कडेपर्यंत, “आमची पण, आमची पण!”

मग मेणबत्ती लावली,
निवांत.