वास जात नाही

तीन धुण्यांनंतर शहरातल्या बाईंचा फोन आला:
रंग पक्का आहे हो, पण वास जात नाही.
आई उठली नाही. कशी उठेल,
मागाचं एक टोक पेरूच्या झाडाला,
दुसरं तिच्या कमरेला.
म्हणाली, सांग त्यांना, जाणारही नाही.

वास समुद्राचा नाही, हे फोनवर कसं सांगू?
तो गोगलगायीच्या रागाचा आहे.

फिदेन्सियोमामा ओहोटीला कातळावर उतरतो,
डाव्या हाताला ओल्या सुताची लड गुंडाळून.
फटीतून एकेक काडीने सोडवतो,
तिच्या तोंडावर हळूच फुंकर मारतो.
ती चिडते, थुंकते.
थुंकी दुधासारखी. सुतावर पिवळी होते,
मग कच्च्या चिंचेसारखी हिरवी,
आणि ऊन लागलं की
जांभळी. मामाची नखंसुद्धा,
थेट मे महिन्यापर्यंत.

मग तिला परत ठेवतो, सावलीच्या अंगाला,
ओंजळभर पाणी वर शिंपडून.
एक चंद्र पुरा होईतो पुन्हा हात लावायचा नाही.
हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं,
लाटेने बापाला नेलं त्याच्या आदल्या वर्षी.

आम्ही स्वतःला पावसाची माणसं म्हणतो
आणि रंग मागायला जातो खाऱ्या पाण्याकडे.
पूर्वी आठ दिवस चालत,
आता ट्रकमध्ये सिमेंटच्या पोत्यांवर बसून.

यंदा तीन महिन्यांत एकच लड, तीही अर्धी.
किनाऱ्यावरच्या हॉटेलांत
लिंबू पिळून खातात म्हणे त्यांना.
एवढं सांगून मामा मक्याची भाकर
मिठाला लावून खात राहिला.

नाझारियाचं लग्न तोंडावर.
बाजारात डबीतला जांभळा मिळतो,
वीस पेसोंना, बिनवासाचा.
मी म्हटलं, कोणाला कळणार आहे?
आई काही बोलली नाही.
ताणा लावताना शेवटच्या पट्ट्याशी सूत संपलं,
तिथे तिने पांढरं लावलं, कोरं,
आणि विणायला बसली.

काल नाझारिया नेसून बघत होती.
पांढऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, हे काय, मावशी?
त्या अजून कातळावर आहेत, आई म्हणाली,
आणि दातांनी दोरा तोडला.

नाझारियाने काठ नाकाशी नेला.
जांभळ्याशेजारी दिवसचे दिवस राहून
पांढऱ्यालाही थोडा
लागला होता.